एकाच कोटाचे दोन होकार

मी एक कोट बोलतोय. कधीकाळी गडद हिरवा होतो. आता कसला आहे, ते विचारू नका. आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात, गरिबांसाठीच्या सरकारी घरांच्या एका इमारतीत, दारामागच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो.

अट्रॅक्टाने मला हौसेने घेतलं, तेव्हा तिचा नवरा गोदीत कामाला होता. तो वारला आणि मी मायलेकींत वाटला गेलो. सकाळी लेक मला घालून बेकरीत कामाला जायची; डर्व्हला तिचं नाव. ती परतली की माझी ऊब जायच्या आत अट्रॅक्टा मला चढवून ऑफिसं झाडायला निघायची.

दरवर्षी पाहणीवाली बाई यायची. देशातली गरिबी वाढली की घटली, हे तिच्या प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांवरून ठरतं. वस्तीला हिवाळ्यात मिळणारा फुकट कोळसाही त्यावरच. मागल्या वर्षी अट्रॅक्टा खरं बोलली, तर बाई "अरेरे" म्हणाली. ते "अरेरे" अट्रॅक्टाला वर्षभर बोचलं.

यंदा आधी चहा आला. बाईने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला. आमच्याकडे पहिलं 'नको' कुणी खरं मानत नाही.

"पाऊस अडवणारा गरम कोट आहे तुमच्याकडे?"

"नसायला काय झालं? हा काय!" अट्रॅक्टाने मला दाखवलं.

"आणि तुझ्याकडे गं?"

आईने डोळे वटारले. डर्व्हला पुटपुटली, "आहे की."

खुंटीवर मी एकटाच होतो. बाईने पाहिलं असणारच. पण चहाचा आग्रह तीनदा करणारी आमच्याकडची माणसं गरिबीबद्दल दुसऱ्यांदा विचारत नाहीत; ते वाईट दिसतं. तिने दोघींचा होकार लिहून घेतला. वरखालच्या बिऱ्हाडांनीही अशीच अब्रू राखली असणार.

मग रेडिओवर बातमी आली, गरिबी घटली. आमच्या वस्तीत तर फारच. कोळसा बंद झाला.

"घटली म्हणे! कुणाची गं?" अट्रॅक्टा कडाडली.

"आपलीच. तूच घटवलीस, चहा पाजून."

आता डर्व्हलाची बेकरीतली पाळीही दुपारची झाली आहे. दोघी एकाच वेळी निघतात. माझा जीव नुसता तुटतो.

"तू घाल."

"नको, मला उकडतंय."

"मला कुठे थंडी वाजतेय?"

काल बाहेर गारा पडत होत्या. दोघी स्वेटरवरच गेल्या आणि मी खुंटीवर लटकत राहिलो, कोरडा.

पाहणीवाल्या बाई, पुन्हा याल तेव्हा चहा घेऊ नका. तो आग्रह तुम्ही करा. "कोट आहे का" हे तीनदा विचारा.