विहिरीवर बोललेलं खोटं

देविदास लातूरच्या कलेक्टर कचेरीत शिपाई म्हणून कायम झाला, त्या साली जिल्हा नवा होऊन पाचवं वर्ष लागलं होतं आणि गावात सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. म्हणजे सत्याऐंशी साल. त्याची आई सरजाबाई पुढं कधी त्या सालाचा विषय निघाला की एवढंच म्हणायची, देविदास कायम झाला ते साल. दुसरं जे तिला आठवायचं ते ती बोलत नसे.

गाव अहमदपूरच्या पुढं, माळावर. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, तोही आला तर. सरजाबाईची आणि शेजारच्या पार्वतीबाईची एक विहीर सामाईक होती. पायऱ्या अर्ध्यात संपलेल्या, खाली नुसता कातळ, आणि तळाला एका कोपऱ्यात झरा. बादली सोडली तर खडकावर वाजायची, बुडायची नाही. मग लाकडी पाट दोराला बांधून घरातलं हलकं माणूस खाली सोडायचं. त्यानं तांब्यानं घागर भरायची आणि वरच्यांनी ती ओढायची. ज्या घरचं माणूस त्या दिवशी खाली उतरलं नाही, त्या घराला पाणी नाही, असा दोघींचा करार होता. भांडण नको म्हणून केलेला.

सरजाबाईच्या घरात हलकं माणूस एकच, सून पंचफुला. उमरीची पोर, लग्नाला तीन वर्षं झालेली. देविदास लातूरला खोली करून राहायचा आणि रविवारी यायचा. सासरा त्या लग्नाआधीच वारलेला. घरात सासू-सून दोघीच.

त्या विहिरीत आसरा होत्या. पाण्यातल्या देवता, साती बहिणी. पहिल्या दिवशी खाली उतरण्याआधी हळदीकुंकू आणि हिरवी बांगडी त्यांना सोडायची, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. आणि विटाळशी बाई किंवा दिवस गेलेली बाई खाली उतरवायची नाही, हेही. भरल्या पोटाची बाई पाण्यात उतरली की आसरा पोटातलं लेकरू काढून नेतात, असं सरजाबाईनं तिच्या आईकडून ऐकलं होतं आणि सासरी गेलेल्या लेकीला सांगितलं होतं.

संक्रांतीनंतर पंचफुला बाजूला बसली नाही, हे सरजाबाईनं हेरलं होतं. सकाळी चुलीपुढं बसली की सून तोंड फिरवायची, फोडणीचा वास आला की उठून जायची. तिनं विचारलं नाही आणि सुनेनं सांगितलं नाही. तिसरा महिना लागल्यावर घरातल्या घरात ओटी भरून चोरचोळी करू, तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, असं सरजाबाईनं ठरवलं. कुणाला न सांगता तिनं हिरवा खणही काढून ठेवला होता.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरात एक कळशी उरली, तीही गाळाची. पार्वतीबाईची नात उतरून आली, त्यांच्या घागरी भरल्या, आणि पार्वतीबाईनं दोर हातात धरूनच विचारलं.

"सरजे, सुनेला दिवस-बिवस न्हाईत ना?"

पंचफुला पदर डोक्यावर घेऊन तिथंच उभी होती. सरजाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही.

"कुठले दिवस? परवाच डोक्यावरून न्हाली की."

पंचफुला पाटावर बसली. दोघींनी दोर सोडला. त्या दिवशी बारा घागरी निघाल्या. पुढं आठ-दहा दिवस ती रोज उतरली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पंचफुलाला अंगावरून जाऊ लागलं. देविदासला निरोप धाडला, तो आला, आणि तिला घेऊन मायलेक नांदेडला गेले. तिथल्या एका दवाखान्यात नुकतंच पोटातलं दाखवणारं यंत्र आलं होतं. पंचफुलाचा भाऊ निवृत्ती उमरीहून येऊन त्यांना तिथं घेऊन गेला. डॉक्टरीणबाईनं सरजाबाईलाही आत बोलावलं आणि काचेवर बोट ठेवलं. काळा गोल दिसत होता, एखाद्या विहिरीत वरून बघावं तसा.

"ही पिशवी, आजी. एवढ्या दिवसांनी यात गर्भ दिसायला पाहिजे, त्याचा ठोका दिसायला पाहिजे. आत काही नाही."

घाई नको म्हणून तिनं आठ दिवस थांबवलं. ते दिवस सगळे उमरीला व्याह्यांकडं राहिले. पुन्हा बघितलं तर तसंच. तेव्हा डॉक्टरीणबाईनं शांतपणे सांगितलं की अगदी सुरुवातीलाच गर्भ धरायचा राहून जातो, पिशवी मात्र काही दिवस वाढत राहते, अंगाला वाटतं दिवस आहेत. पुष्कळ जणींना असं होतं. काम केल्यानं, वजन उचलल्यानं, काही खाल्ल्यानं होत नाही. कुणाचा दोष नाही. पुढं मूल होऊ शकतं.

सरजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आधी व्हतं, आन् मागून कुणी काढून नेलं, असं असतंय का?"

"कोण नेणार, आजी?" डॉक्टरीणबाई हसली नाही, पण तिला प्रश्नही कळला नाही.

सरजाबाईला मात्र उत्तर मिळालं होतं. पिशवी आहे आणि लेकरू नाही, म्हणजे आसरांनी पिशवी ठेवून लेकरू नेलं. तिच्या आईनं सांगितलं होतं त्याचा फोटोच डॉक्टरीणबाईनं काचेवर दाखवला होता. यंत्रानं खोटं कसं बोलावं?

पिशवी साफ केली, आणि दोन दिवसांनी सासू-सून गावी परतल्या. देविदास रजा संपली म्हणून लातूरला गेला.

घरात आल्यावर सरजाबाई सुनेच्या डोळ्याला डोळा देईना. पाण्याच्या भांड्याला हात लावू देईना, विहिरीकडं फिरकू देईना. टँकरवर स्वतः भांडून कळशी आणायची, भाकरी थापायची, ताट पुढं सरकवायची आणि उठून जायची. तिच्या मनात होतं की पोरीला जपावं. पंचफुलाला वाटलं, आपण अपशकुनी ठरलो, आपल्या हातचं पाणीसुद्धा सासूला नको झालं.

त्यात पार्वतीबाई येऊन ओसरीवर बसायची. दोर सोडताना सरजेलाही काही ठाऊक नव्हतं, असंच ती धरून होती. एकदा पंचफुलाला ऐकू जाईल असं म्हणाली की नुसतीच पिशवी धरणारी बाई म्हणजे कणीस आलं पण दाणा नाही, देविदास तर आता सरकारी माणूस झाला, त्याला कुणीबी पोर देईल. सरजाबाई ज्वारी निवडत होती. तिनं खडा काढून बाजूला टाकला. बोलायला तोंड उघडलं असतं तर विहिरीवरचं सगळं बाहेर आलं असतं.

त्या रात्रीपासून पंचफुला जेवेना. तिनं निवृत्तीला चिठ्ठी लिहून धाडली, येऊन मला घेऊन जा म्हणून. तो सोमवारी येणार होता.

त्या रविवारी देविदास आला नव्हता. दुपारी, गल्ली झोपलेली असताना, सरजाबाईनं तो हिरवा खण, नारळ, हळदीकुंकू पदरात बांधलं आणि सुनेला हाक मारली. विहिरीपाशी पाट आणि दोर काढून ठेवला होता.

"मला खाली सोड."

पंचफुलाला वाटलं सासूला ऊन लागलं. तिनं दोराला हात लावला नाही. सरजाबाईचं वजन तिच्या दीडपट, आणि डॉक्टरीणबाईनं तिला महिनाभर काही उचलू नको म्हटलेलं.

"मामी, कशापायी? तळाला काय हाय?"

सरजाबाई पाटावर बसून राहिली. मग जमिनीकडं बघत तिनं सांगितलं. दिवस गेल्याचं आपल्याला ठाऊक होतं. पार्वतीला खोटं सांगितलं. पाण्याच्या बारा घागरींसाठी तुला खाली सोडलं. आसरांनी तुझं लेकरू नेलं, त्यांची ओटी भरून माफी मागायचीय, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून तुलाच बोलावलं.

पंचफुलानं दोर बाजूला सारला. मग ती पायरीवर बसली.

"मला शिवरातीलाच डाग पडला व्हता," ती म्हणाली. "भुरका. इवलासा. मी भ्याले, कुणाला बोलले न्हाई. उपास केला म्हणून झालं असं वाटून राहिलं. डॉक्टरीणबाईला एकटीला सांगितलं. तिनं हिशोब करून सांगितलं, पिशवी तवाच वाढायची थांबली व्हती. आत कधी कुणी नव्हतंच."

सरजाबाईनं बोटांवर मोजलं. शिवरात. मग होळी. मग धुळवड. मग टँकर आला नाही तो दिवस. पुन्हा मोजलं. शिवरात आधी होती, विहीर नंतर. दोनदा मोजूनही ते तसंच निघालं.

"आसरांनी न्हाई नेलं, मामी. न्यायला काही नव्हतंच."

"हाव," सरजाबाई म्हणाली. मग, "पण मला कुठं ठाऊक व्हतं? मी तर भरल्या पोटाची बाई म्हणूनच तुला सोडलं."

 पंचफुलानं नाही सांगितलं, की तुमची चूक नाही. सासूच्या पदरातला नारळ तेवढा तिनं काढून घेतला आणि विहिरीच्या काठावर ठेवला. हिरवा खण मात्र परत सासूच्या हातात दिला.

"हा जपून ठिवा. लागंल कधी," ती म्हणाली.

सोमवारी निवृत्ती आला आणि जेवून एकटाच माघारी गेला.

त्याच दिवशी सरजाबाई पार्वतीबाईच्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहूनच तिनं सगळं सांगितलं. सुनेत खोट नाही, खोट माझ्या जिभेत आहे, असं म्हणाली. पार्वतीबाईला लेकराचं जेवढं लागलं नाही तेवढं खोट्याचं लागलं. चाळीस वर्षांचा शेजार, आणि माझ्या हातात दोर असताना खोटं बोललीस, म्हणाली. तिनं विहिरीचा करार मोडला. पाऊस पडेपर्यंत सरजाबाईच्या घराला तिथलं थेंबभर पाणी मिळालं नाही. साठीची बाई रोज दोन कोसांवरून कळशी आणायची.

पंचफुलाला मग कुणी नावं ठेवली नाहीत. गावात बोललं जाऊ लागलं की सरजीनं पाण्यासाठी सुनेचं लेकरू आसरांना दिलं. पंचफुला एकदा टँकरवर बायांना डॉक्टरीणबाईचा हिशोब सांगायला निघाली, तेव्हा सरजाबाईनं तिचा हात दाबला.

"राहू दे. तुला सोडलं ते तर खरं हाय ना?"

पण पंचफुला गप्प राहणारी नव्हती. दोन वर्षांनी गल्लीतल्याच एका पोरीला नांदेडच्या डॉक्टरनं पिशवी रिकामी म्हणून सांगितलं, तेव्हा पंचफुला तिच्या घरी जाऊन बसली, दारातल्या बायांना उठवलं, आणि मशीनवर काय दिसतं, काय दिसत नाही, हे त्या पोरीच्या सासूला पहिल्यापासून समजावून सांगितलं. तोवर तिची स्वतःची लेक रांगत होती. तिच्या वेळी चोरचोळीला तोच हिरवा खण निघाला होता.

सरजाबाईनं नातीला खेळवलं, शाळेत सोडलं, पण विहिरीकडं कधी नेलं नाही. पावसाळे बरे झाले, पार्वतीबाई बोलू लागली, विहीर भरून पायऱ्यांवर आली, तरी सरजाबाई त्या काठावर गेली की आधी ओंजळभर पाणी आसरांच्या नावानं परत आत सोडायची आणि मग घागर भरायची.

सरजाबाई पंच्याण्णव सालच्या पौषात, तापानं, घरीच वारली. शेवटचं पाणी पंचफुलानं पाजलं. पंचफुला नांदायला आल्यापासून त्या घरातून गेलेलं हे पहिलंच माणूस; त्या सत्याऐंशी सालीसुद्धा कुणी गेलं नव्हतं.