आमेननंतरचा अंगठा

दुपारच्या उन्हात खिडकीचा पडदा झोपेतल्यासारखा हलत होता. आईने प्रार्थनेवरचा लेख सकाळीच ब्लॉगवर टाकला होता. किती जणांनी वाचला ते बघायला ती सारखी अंगठ्याने फोनचा पडदा खाली ओढत होती. आकडा मेला ढिम्म हलत नव्हता.

शेजारी बसलेल्या लेकीने, चिमणीने, बाहुलीपुढे हात जोडले. "प्रभू येशू, हिचा ताप जाऊ दे. आमेन." मग तिने हवेतच अंगठा खाली ओढला.

"हे काय गं, चिमणे?"

"देवाने ऐकलं का बघतेय. तू नाही का बघत?"

 आईने फोन उशीखाली सारला.

"तो ऐकतोच गं, बयो. बघावं नाही लागत."

"मग न बघता परत म्हणू?"

"म्हण," आई म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिने रिकामे हात जोडले.