खांबांना नंबर देणारा हेर

माझा नवरा सरकारी हेर आहे हे मला सलूनवाल्यांच्या बायकोकडून कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अशी बातमी शेजारणीकडून कळावी, याचं मला जरा वाईटच वाटलं.

नवरा शहराच्या दिवाबत्ती खात्यात आहे. (समोर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना कोण बघतंय.) रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना नंबर देणं हे त्याचं काम. नवा खांब उभा राहिला की नंबर द्यायचा, खांब पडला की नंबर काढून घ्यायचा. दिवसभर तो पडद्यासमोर बसतो. पडद्यावर शहराचा नकाशा, नकाशावर ठिपके. चालू दिवा हिरवा, बंद दिवा लाल. नवीन लग्न झालं होतं तेव्हा तो हे सगळं रोज घरी येऊन सांगायचा. एक दिवस मीच हात जोडले आणि म्हटलं, खांब ऑफिसातच ठेवून येत जा. तेव्हापासून त्याने कामाबद्दल चकार शब्द काढलेला नाही. लोकांना वाटलं, वरून आदेश असतील. आदेश स्वयंपाकघरातून होते.

तर झालं असं, की साधी माणसं फोनवर काय काय बघतात यावर सरकार लक्ष ठेवतं, अशी कुठूनतरी कुणकुण आली. खरं की खोटं देव जाणे. पण आमच्या इमारतीत प्रत्येकाने ती स्वतःवर ओढून घेतली. ज्यांच्या फोनमध्ये गुडघेदुखीचे व्यायाम आणि भाचीच्या साखरपुड्याचे फोटो यापलीकडे काही नाही, तेसुद्धा आवाज बारीक करून बोलायला लागले. मला तर वाटतं, त्यात थोडी हौसही होती. आपल्यावर कोणीतरी नजर ठेवावी इतके आपण महत्त्वाचे आहोत, ही भावना काही वाईट नसते.

त्यात दुसऱ्या मजल्यावरचे सलूनवाले. नाक्यावर त्यांचं सलून आहे. गावाचे केस कापतात, पण स्वतःचे केस मात्र कपाळापासून मागे मागे सरकत चाललेले. केस कापणाऱ्याला टक्कल म्हणजे धंद्याला बट्टा. म्हणून ते रात्री दार लावून, बायकोलाही न सांगता, केस उगवायचे उपाय फोनवर शोधत बसायचे. एका सकाळी जिन्यात माझा नवरा भेटला आणि म्हणाला, "ऊन फार आहे हो. डोक्यावर टोपी घालत जा."

आता, माझा नवरा हे सगळ्यांनाच सांगतो. त्याला हवामानाचं वेड आहे. वारा सुटला की खांब पडतात, म्हणून लागलेली सवय. टोपी घाला, कपडे आत घ्या, कुंड्या खाली ठेवा, हे तो जिन्यात भेटेल त्याला सांगत असतो. पण सलूनवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तसेच सलूनमध्ये गेले, आणि सलूनमध्ये गेलेली गोष्ट पोटात राहिली असं कधी झालंय का?

मी ठणकावून सांगितलं, "तसलं काही नाही. ते खांबांना नंबर देतात."

"हो ना वहिनी," सलूनवाल्यांची बायको समजूतदारपणे म्हणाली. "आणि खांबावर काय असतं?"

आमच्या नाक्यावरच्या खांबावर कॅमेरा आहे. मी गप्प बसले. माझं गप्प बसणं इमारतभर कबुलीजबाब म्हणून फिरलं.

खोटं कशाला बोलू, पुढचे काही दिवस मजेत गेले. प्रवेशदारात आडवी लावलेली मोटरसायकल न सांगता हलली. वरच्या मजल्यावरचं फर्निचर सरकवणं थांबलं. लिफ्टमध्ये लोक मला आधी जाऊ देऊ लागले. नवऱ्याला यातलं काहीच कळलं नाही. त्याला वाटलं, लोक सुधारले.

मग मंडळी दारात यायला लागली. मला वाटलं होतं घाबरून येतील. छे. कामं घेऊन आली.

पहिल्या आल्या शिकवणीवाल्या बाई. मागच्या आठवड्यात त्यांनी फोनवर कुठेतरी निळे पडदे बघितले होते, आणि आता ते पान काही केल्या सापडत नव्हतं. "भाऊंना जरा बघायला सांगा ना. त्यांच्याकडे असेलच." मग ड्रायव्हिंग स्कूलवाला आला. त्याला एवढीच नोंद करून हवी होती, की त्याच्या फोनवर जे काही भलतंसलतं बघितलं गेलंय ते मेहुणा राहायला आला होता तेव्हाचं आहे. तिसऱ्या मजल्यावरची नवी सून आली आणि सासूबाई फोनवर दिवसभर काय बघतात ते विचारून गेली. तासाभराने सासूबाई आल्या. त्यांनी तेच सुनेबद्दल विचारलं.

मी सगळ्यांना म्हणायचे, "बघते." यात खोटं काय आहे? बघते म्हणजे बघते.

पण एके दुपारी तळमजल्यावरच्या मावशी आल्या, आणि माझी मजा संपली.

मावशी शिवणकाम करतात. पँटची लांबी कमी कर, चेन बदल, पडद्यांना दुमड घाल. त्यांचं मशीन खिडकीशी असतं आणि त्याची खडखड जिन्याने वर येते. ती बरेच दिवस ऐकू येत नव्हती. माझा एक पडदा त्यांच्याकडे अर्धवट पडून होता, तोही मी मागायला गेले नव्हते. कारण सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशात असतो. मशीन विकून टाक आणि माझ्याकडे ये, असा त्याचा हट्ट. मी माझ्या खिडकीतून हलणार नाही, हा यांचा. फोनवर शब्दाने शब्द वाढला, आणि तेव्हापासून दोन्हीकडून फोन बंद.

मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या. "अगं, तुझ्या नवऱ्याला एक विचारशील का? माझा मुलगा फोनवर काय बघतो ते सांगू नका. तरणा आहे, बघत असेल काहीबाही. फक्त इथलं काही बघतो का, एवढंच."

"तुम्हीच फोन करा ना मावशी."

"करीन की. पण त्याच्या मनातून मी उतरलेच असेन, तर तो फोन उचलून 'बोल, काय काम होतं' म्हणेल. ते मला ऐकवणार नाही. आठवण काढतो एवढं कळलं, तर आजच करते."

मी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण आमच्याही घरी एक फोन आहे. आमची मुलगी बापाच्या मर्जीविरुद्ध लांबच्या गावी नोकरीला गेली. आठवड्यातून एकदा तिचा फोन येतो, आणि चुकून नवऱ्याने उचलला तर तो म्हणतो, "आईला देतो." बस. यापुढे बापलेकीत शब्द नाही. तेव्हा मावशींना मी म्हटलं, "विचारते."

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. सलूनपासून सासूबाईंपर्यंत. तो चहाचा कप हातात धरून ऐकत राहिला आणि मग असा चिडला, की मला वाटलं कप जातोय.

"मी खांबांना नंबर देतो," तो म्हणाला. "आणि तू हो हो करत बसलीस? म्हातारीला आशा लावलीस?"

"मी फक्त विचारते म्हटलं."

"चल खाली. आत्ता जाऊन स्पष्ट सांगतो."

जिना उतरताना तो वाक्य घोकत होता. मला ऐकू येत होतं: मावशी, तुमचा गैरसमज झालाय. मावशी, तुमचा गैरसमज झालाय.

मावशींनी आम्हाला आत घेतलं, दार लावलं, खिडकी लावली आणि स्वतःचा फोन उशीखाली ठेवला. मग ऐकणारा तर समोरच बसलाय हे लक्षात येऊन तो परत बाहेर काढला. मशीनवर चादर टाकलेली होती. माझा पडदा खुर्चीच्या पाठीवर तसाच लोंबत होता. नवऱ्यासमोर बिस्किटांची बशी आली.

"मावशी," नवरा म्हणाला, "मी एक स्पष्ट सांगायला आलोय."

"सांग बाबा," मावशी म्हणाल्या. त्यांच्या हातात मापाची टेप होती. ती त्या गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. चेहरा मात्र अगदी शांत ठेवला होता. नवरा त्या टेपकडे बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला की मी त्याला कोपराने ढोसलं.

"हवामान," तो म्हणाला.

"काय?"

"हवामान बघतो तो. इथलं. रोज सकाळी, चहाच्या वेळेला."

मावशींचा हात थांबला. "तिकडचं बघत असेल. कामाला जाताना."

"तिकडचं खिडकीतून दिसतं, मावशी. इथलंच बघावं लागतं."

मावशींनी टेप खाली ठेवली आणि बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली. त्याने दोन खाल्ली. जिना चढताना मी म्हटलं, "अहो, हे काय केलंत?" तो म्हणाला, "काही विचारू नकोस." मी खरंच घाबरले होते. त्या आता फोन करणार, मुलगा म्हणणार कसलं हवामान, आणि होतं नव्हतं तेही जाणार. आणि त्याला जबाबदार मी.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी कान खालीच लावून बसले होते. दुपारी मशीनची खडखड सुरू झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पडद्यासाठी नक्कीच नव्हतं.

संध्याकाळी मावशी स्वतः पडदा घेऊन वर आल्या. "मी त्याला म्हटलं, रोज सकाळी इथलं हवामान फोनमध्ये कशाला बघतोस? मला विचार. मी खिडकीतच बसलेली असते."

"मग?"

"मग काही नाही. इतका वेळ गप्प, मला वाटलं फोन कटला. मग बारीक आवाजात म्हणाला, आई, तुला हे कोणी सांगितलं?" मावशी माझ्याकडे झुकल्या. "मी नाव नाही हो घेतलं. पण फार घाबरलाय. म्हणतो, आता बघत नाही, रोज फोनच करतो."

झालं. उरलीसुरली शंकाही फिटली. सलूनवाल्यांनी नाक्यावर जाहीर केलं की परदेशातलंसुद्धा दिसतं. शिकवणीवाल्या बाई रुसल्या. परदेशातलं दिसतं आणि माझे निळे पडदे तेवढे दिसत नाहीत होय, असं त्यांनी मला ऐकवलं.

सगळ्यांत जास्त घाबरला तो माझा नवरा. "म्हणजे तो खरंच बघत होता?" असं त्याने मला कितीदा विचारलं असेल. मग त्याने स्वतःच्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली.

"पण तुम्हाला सुचलं कसं हे?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं.

"सुचलं," तो म्हणाला, आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

ज्या माणसाला उशिरा घरी आल्यावर साधं निमित्त सुचत नाही, त्याला हे सुचलं? त्याचा फोन टेबलावर चार्जिंगला होता. सरकारने बघितलेलं चालतं, तर बायकोने बघायला काय हरकत आहे. हवामानाचं पान उघडंच होतं. वर आमचं शहर. त्याच्या खाली मुलीचं गाव. आज जोराचा वारा, रात्री गारठा. आणि पान नुकतंच बघितलेलं, चहाच्या वेळेला.

मी तिथेच खुर्चीवर बसले. राग आला, हसू आलं आणि मग रडूच आलं. कधीकाळी मी याला म्हटलं होतं, खांब ऑफिसात ठेवून ये. त्याने सगळंच कुठेतरी ठेवून द्यायची सवय लावून घेतली होती.

आतलं पाणी बंद झालं. मी माझ्या फोनवरून मुलीला फोन लावला.

"वारा फार आहे ना गं तिकडे?" मी म्हटलं. "रात्री गारठा पडणार आहे. स्वेटर काढून ठेव."

"आई, तुला कसं कळलं?"

"सरकारकडून," मी म्हटलं, आणि ओल्या डोक्याने बाहेर आलेल्या नवऱ्याच्या हातात फोन दिला.

त्याने नाव बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात मागे घेतले होते, त्यामुळे आईला देतो म्हणायची सोय राहिली नव्हती. त्याने फोन कानाला लावला आणि विचारलं, "खिडकी नीट लागते ना गं तुझी?"