तिसरा झोन

मोहफुलं वेचायच्या दिवसांत धानोऱ्याकडची माणसं उजाडायच्या आत रानात निघतात, आणि काल नेमका त्याच वेळी जंगलातल्या कॅमेऱ्यांवरून जाणारा वाघाचा इशारा त्यांच्या मोबाईलवर उशिरा पोचला होता. म्हणून आज लोक निघण्याआधी लोड बॅलन्सरला तिसरा झोन जोडायचा, असं ही यंत्रणा सांभाळणाऱ्या दिव्यानीनं ठरवलं. हा बॅलन्सर इशाऱ्यांचं ओझं दोन ठिकाणच्या सर्व्हरवर वाटायचा. तिसरं ठिकाण मिळालं की तुंबणार नव्हतं.

पायथनमधल्या तयार आज्ञांच्या लायब्ररीला तिनं नव्या झोनचं नाव दिलं. लायब्ररीनं ते जुन्यांत मिळवलं नाही, जुन्यांच्या जागी ठेवलं. नव्या झोनमध्ये तर सर्व्हर अजून सुरूच नव्हते, त्यामुळे सगळेच इशारे थांबले. चूक निस्तरायला ती परत आत शिरू गेली, पण तिची स्वतःची वाटही त्याच बॅलन्सरमधून जात होती. वाट बंद होताना आलेलं शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राहिलं: नाल्याकाठच्या मोहाखाली वाघीण.

मुख्य खात्याची चावी नागपूरच्या सहकाऱ्याकडे, प्रफुलकडे. तो फोन उचलेना.

ओसरीवर सासू, सुगंधाबाई, टोपली उचलत होत्या.

"आई, थांबा. नाल्यावर वाघीण आहे."

"मोबाईल तं वाजला नाई."

"वाजणार नाही. माझ्या हातून इशारा बंद पडला."

सुगंधाबाईंनी टोपली खाली ठेवली. माळ्यावरचा तेलाचा रिकामा पिपा काढला आणि अंगणात उभ्या राहून बडवायला लागल्या. पिपा ऐकला की आपला वाजवायचा, पुढच्या टोल्याचा, म्हणजे पाड्याचा, वाजेपर्यंत थांबायचं नाही, ही जुनी रीत. दोन बाजूंनी उत्तर आलं. नाल्याकडच्या टोल्यावरून आलं नाही.

"तिकडं पिपे उरलेच नाईत," त्या म्हणाल्या. "तुयं मशीन आलं, तवा भंगारात देल्ले सगळ्याइनं."

"मी येते तुमच्यासोबत."

"तू कायले? ते चालू कोण करन मंग? बस इथी."

आणि पिपा बडवत त्या एकट्याच नाल्याच्या वाटेला लागल्या.

दिव्यानी बसली. उठून दारापर्यंत गेली, परत बसली. शेवटी प्रफुलचा फोन आला. त्यानं तिला आत यायची वाट उघडून दिली. झोनची नावं त्याला ठाऊक नव्हती. लांब जाणारा पिपा ऐकत तिनं तिन्ही नावं लिहिली, एकेक अक्षर तपासून. आज्ञा लागू झाली.

शेजारच्या घरात मोबाईल वाजला. मग याच घरात, कोनाड्यात, सुगंधाबाईंचा.

पिपा आता ऐकू येत नव्हता.