पेन्सिलीची फुली

आमचे वकीलसाहेब कागद वाचत नाहीत. सही करतात. मी पानाच्या तळाशी पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवते, साहेब फुली शोधतात, तिच्यावर सही ठोकतात आणि पान उलटतात. मग ती नोटीस असो, दावा असो की प्रतिज्ञापत्र. चाळीसेक सह्या झाल्या की मनगट झटकून म्हणतात, "दमलो बुवा." सोळा वर्षं ऐकतेय मी हे. मजकूर माझा, टायपिंग माझं, कलमं हुडकून काढणारी मी, आणि दमणार कोण, तर हे.

कोर्टात उभे राहिले की मी लिहिलेलं ते तिथंच पहिल्यांदा वाचतात. त्यामुळे आवाजात खरंखुरं आश्चर्य असतं. लोकांना ते वक्तृत्व वाटतं.

गेल्या वर्षी साहेबांच्या भाच्याला वकील करायचं ठरलं. मी त्याला मनातल्या मनात युवराज म्हणते. लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेसाठी घरी दोन शिकवण्या, इथे साहेबांच्या केबिनमध्ये एसीखाली स्वतंत्र टेबल. कुठे कुठे अर्ज करायचे याचा मोठा तक्ता भिंतीवर लागला. बारा कॉलेजं, हमखास मिळणारी हिरव्या रंगात, मिळतील-न-मिळतील ती पिवळ्यात, स्वप्नातली लाल. तक्ता अर्थातच मी केला. हिरव्या रंगात घालायला एकही कॉलेज सापडेना, तेव्हा दोन उगाच घातली.

युवराज अडला की पुस्तक घेऊन माझ्याकडे यायचा. अडला हरी म्हणतात ना, तसा. एकदा प्रश्न होता, एकानं न वाचता करारावर सही केली, तो करार त्याच्यावर बंधनकारक आहे का? युवराज म्हणाला, नाही, बिचाऱ्यानं वाचलंच नव्हतं. मी म्हटलं, त्याला वाचू नको म्हणून कुणी सांगितलं होतं? सही केली की संपलं. हा तर अन्याय आहे, म्हणाला. मामाचं रक्त, दुसरं काय.

त्या पालथ्या घड्यावर पाणी ओतता ओतता माझ्या लक्षात आलं की या पुस्तकातलं मला सगळं येतंय. मग मीही परीक्षेचा फॉर्म भरला. जेवणाच्या सुट्टीत जुन्या फायलींच्या खोलीत स्टुलावर बसून प्रश्नपत्रिका सोडवायची. सकाळी घरी ताई माझी उजळणी घ्यायची. ताई शिवणकाम करते, कायद्यातलं तिला ओ की ठो कळत नाही. पण मी उत्तर देताना अडखळले की ती मशीन थांबवायची. बोलायची काही नाही, नुसती थांबवायची. त्या शांततेला मी जेवढी घाबरले तेवढी परीक्षेला घाबरले नाही.

निकाल लागला. दीडशेपैकी युवराजला त्रेचाळीस, मला एकशे एकवीस. या वर्षीचा पेपर फारच वाईट काढला होता, असं साहेबांनी येईल त्याला सांगितलं.

माझ्या अर्जांचा बेत साधा होता. तक्ता नाही, रंग नाहीत. एकच कॉलेज, संध्याकाळचे वर्ग, नोकरी करणाऱ्यांसाठी वीस जागा. अट एकच, जिथे काम करता तिथल्या मालकाचं शिफारसपत्र हवं. पत्र नसेल तर अर्ज उघडणारसुद्धा नाहीत. आणि पुढच्या वर्षीपासून या वीस जागाच बंद होणार होत्या. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही.

मी मार्कांचा कागद घेऊन साहेबांपुढे उभी राहिले. ते हसले. चिडले असते तर परवडलं असतं. "अहो बाई, या वयात?" म्हणाले. "आणि माझ्या फायली कोण बघणार?" वर युवराजच्या अर्जासाठी 'मला वकील का व्हायचे आहे' हा निबंध तेवढा लिहून द्यायला सांगितलं. दिला लिहून. तो वाचून युवराजचे डोळे भरून आले. मला इतकं काही वाटतं हे मला माहीतच नव्हतं, म्हणाला.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात एकतीस कागद होते. बाविसावं माझं शिफारसपत्र. त्यात खोटं एक अक्षर लिहिलं नाही मी. स्वतःची स्तुतीही बेतानंच केली. मधेच एक वाक्य घातलं, 'गेल्या सोळा वर्षांत यांनी तयार केलेला एकही कागद मी सही करण्यापूर्वी वाचलेला नाही. तशी कधी गरज पडली नाही.' खाली फुली. साहेबांनी फुली शोधली, सही ठोकली, पान उलटलं. लाज वाटली का मला? वाटली. त्यांची.

आठवड्यानं कॉलेजातून फोन आला. फोन मीच उचलते. प्रवेशाचं काम बघणाऱ्या प्राध्यापक बाई होत्या, त्यांना पत्राबद्दल साहेबांशी बोलायचं होतं. साहेब कामात आहेत म्हणून टाळता आलं असतं. पण मी फोन आत दिला आणि केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले. साहेबांनी सवयीप्रमाणे तो स्पीकरवर टाकला, कारण मोठ्या माणसांचे फोन आपल्याला येतात हे सगळ्यांना ऐकू गेलेलं त्यांना आवडतं. युवराजनंही मान वर केली.

बाईंनी पत्रातलं ते वाक्य वाचून दाखवलं. इतकं प्रामाणिक पत्र आम्ही पाहिलं नाही, म्हणाल्या, पण हे शब्द तुमचेच ना, एवढी खात्री करायची होती.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझे नाहीत म्हणावं, तर खालची सही कुणाची? न वाचता केली म्हणावं, तर पत्रात तेच तर लिहिलेलं. कुठूनही सुटका नव्हती, आणि ते त्यांना मला वाटलं होतं त्याहून फार लवकर कळलं.

"माझेच आहेत," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "त्या माझ्यापेक्षा चांगल्या वकील होतील. पहिल्या वर्षीच कळलं होतं मला."

"मग इतकी वर्षं कधी पाठवलं कसं नाहीत त्यांना?" बाईंनी सहज विचारलं.

साहेब पेनाचं टोपण काढत-लावत बसले. "गेल्या असत्या ना," म्हणाले.

बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. सोमवारी मूळ कागद घेऊन पाठवा, म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असता. पण सोळा वर्षं मी या माणसाला मठ्ठ समजत आले. मठ्ठ माणसावर किती दिवस रागावणार, म्हणून रोज सकाळी येऊन ऑफिस उघडत होते, फुल्या मारत होते, हसून घालवत होते. आणि हा मठ्ठ नव्हताच. याला सगळं कळत होतं, पहिल्या वर्षापासून. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते.