पुली बदलायला बावीस मिनिटं

कॉरिनने बाबाला तीन आठवडे पटवलं तेव्हा कुठे तो बुधवारी शर्यतीच्या पट्ट्यावर यायला तयार झाला. पट्टा म्हणजे गावाबाहेरचा, मक्याच्या शेतांमधला, पाव मैलाचा सरळसोट रस्ता. दर बुधवारी संध्याकाळी अख्ख्या ओहायोतली हौशी मंडळी तिथे आपापल्या गाड्या पळवून बघत. एकेकाळी डेल, म्हणजे कॉरिनचा बाबा, तिथला राजा होता. आता कॉरिन चालवते तीच सत्त्याऐंशी सालची काळी मस्टँग, पाव मैल, वेळ चौदा पॉइंट शून्य दोन सेकंद. मग त्याच्या नसांचा आजार निघाला. थंडीत बरा असायचा, पण उकाडा लागला की पायांचा कापूस व्हायचा आणि हातातला चमचासुद्धा ऐकायचा नाही. दोन उन्हाळे तो घराबाहेर पडला नव्हता.

"अरे, गाडीत एसी आहे ना!" कॉरिन म्हणायची. "काचा वर, गार हवा चालू, आणि तू महाराजांसारखा बसलेला."

"महाराज वितळले तर?"

"पुसून घेईन."

एवढं म्हटल्यावर तो हसला, आणि हसला म्हणजे आलाच.

पण सतरा वर्षांची पोरगी, नुकतंच लायसन्स मिळालेलं, तिला नुसतं नेऊन आणण्यात कसली मजा! तिला बाबाच्या हातात तेराने सुरू होणारी वेळेची चिठ्ठी ठेवायची होती. बाबाच्या हातूनही ती गाडी कधी तेरात गेली नव्हती! तिची स्वतःची वेळ चौदा पॉइंट शून्य नऊवर अडकली होती. म्हणून आदल्या शनिवारी त्याला न सांगता तिने इंजिनाची मोठी पुली काढून छोटी बसवली. निळीशार, चकचकीत, बघत राहावी अशी.

युक्ती साधी असते. इंजिन फिरताना एका बेल्टने डायनॅमो, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप आणि एसी या सगळ्यांना फिरवत असतं. पुढची पुली छोटी केली की बेल्ट हळू चालतो, ही सगळी बिऱ्हाडं आळसावतात, आणि वाचलेली ताकद चाकांना मिळते. फार नाही, आठदहा घोड्यांची. पण तेरा आणि चौदाच्या मध्ये तेवढेच घोडे उभे असतात. कॉरिनने हायवेवर पळवून बघितलं. गाडी हलकी, एसी गार. झक्कास! उभ्या गाडीत काय होतं ते मात्र तिने बघितलंच नाही. कोण बघतं? पळवायची गाडी कुणी उभी करून तपासतं का?

बुधवारी नेमकं तेच झालं. पुढच्या कुणाच्या तरी गाडीने पट्टाभर तेल सांडलं आणि रांग थांबली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेजारच्या गाड्यांतले लोक इंजिनावर बर्फाच्या पिशव्या ठेवून गप्पा छाटत उभे होते. कॉरिननेही ठेवली होती एक. इंजिन गार असलं की गाडी जास्त पळते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबा मात्र गाडीतच बसला होता. अगदी सुरुवातीच्या रेषेपर्यंत सोबत येणार, मग उतरणार, असा त्याचा हट्ट होता.

"गार आहे ना रे?"

"मस्त," तो म्हणाला.

तिने आत बसून एसीच्या जाळीपुढे हात धरला. कोमट! कुणी तोंडाने फुंकावं तशी हवा. डायनॅमोचा काटा खाली, पाण्याच्या तापमानाचा वर. तिने वळून बघितलं तर बाबाची बोटं सीटबेल्टच्या खटक्यावर नुसती फिरत होती. दाबला जात नव्हता.

"बाबा, कधीपासून?"

"पुढे दोनच गाड्या आहेत. तू जा."

ती गेली नाही. रांगेतून गाडी बाहेर काढली तेव्हा रांग सांभाळणारी बर्नी ओरडली, "अगं वेडे, आता तुझाच नंबर येतोय!" कॉरिनने गाडी झाडाखाली लावली, इंजिनावरची बर्फाची पिशवी उचलली आणि बाबाच्या मानेवर ठेवली. दुसरी पिशवी बर्नीने कुठूनतरी आणून दिली आणि एक शब्द न बोलता परत गेली.

अर्ध्या तासाने बाबाच्या बोटांत जीव आला. आधी आला तो राग.

"दोन गाड्यांवर आलेली रांग सोडलीस? माझ्यापायी? म्हणूनच येत नव्हतो मी. पुन्हा येणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

"तुझ्यापायी नाही रे, माझ्यापायी!" कॉरिनला रडू फुटलं. "मी पुली बदलली. छोटी. तुला तेरा दाखवायचे होते."

डेलने दार उघडलं. मग म्हणाला, "बॉनेट उघड." आणि दाराला धरून, वाकून, त्या निळ्या पुलीकडे बराच वेळ बघत राहिला.

"मीही बसवली होती एकदा. ऑगस्ट होता. तुझी आई सात महिन्यांची गरोदर, तू पोटात. सिग्नलला उभे राहिलो की ती घामाघूम व्हायची. आठवड्यात काढून टाकली." त्याने नाक पुसलं. "ही पुली काही ताकद आणत नाही गं पोरी. कुणाच्या तरी ताटातलं काढून इंजिनाला वाढते. कुणाचं ताट ते आधी बघावं."

घरी जाताना दोघं काचा खाली करून गेले.

गुरुवारी कॉरिनने गॅरेजमध्ये घड्याळ लावलं. छोटी काढायची, मोठी बसवायची, बेल्ट बदलायचा. अठ्ठेचाळीस मिनिटं. मग उलटं. एक्केचाळीस. शुक्रवारी पाना हातातून सटकला, खणकन जमिनीवर पडला आणि तिच्या तोंडून जे निघालं ते आईने ऐकलं नाही हे बरं. स्वयंपाकघरातून बाबाचा आवाज आला, "आधी बेल्टचा ताण सैल कर, गाढवे! मग बोल्ट!"

"तू येणार नव्हतास ना? मग तुला काय करायचंय?"

पाच मिनिटांनी बाबाच्या काठीचा आवाज आला. डेल पंख्यासमोर खुर्ची ओढून बसला. "चारी बोल्ट एकदम काढू नकोस, समोरासमोरचे सैल कर. हां. आता घड्याळ लाव."

मंगळवारी बावीस मिनिटं झाली.

"म्हणजे कसं," कॉरिन हात पुसत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जाताना मोठी पुली. तिथे झाडाखाली तू बसणार, मी छोटी लावणार. पळवून झाली की पुन्हा मोठी. येताना एसी."

"आणि रांगेत तू एकटी."

"रांगेत मी एकटी. कोमट हवा खात."

बुधवारी चार वाजता डेल टोपी घालून दारात उभा होता.

त्या दिवशी कुणी तेल सांडलं नाही. कॉरिन सुटली तेव्हा मागची चाकं किंचाळली, आणि नंतर तिला फक्त रस्ता आठवत होता. पट्ट्याच्या टोकाला खिडकीवर मिळालेली वेळेची चिठ्ठी तिने न बघता बाबाकडे नेली. त्याने ती लांब धरून वाचली.

"चौदा पॉइंट शून्य एक."

"शी!"

"शी काय? बापाला हरवलंस!"

"एका शतांशाने."

"एका शतांशाने का होईना, हरवलंस. आणि तोंड बघा! पाव मैल खाऊनही पोट भरलं नाही!" त्याने चिठ्ठीची घडी घालून शर्टाच्या खिशात टाकली.

कॉरिनने पाना उचलला. ऊन अजून होतं, बाबाच्या कपाळावर घाम होता, आणि ठरलं ते ठरलं. तिने बॉनेटला हात घातला.

"ठेव तो पाना."

"अरे, तुला त्रास होईल."

"झाला तर सांगेन. मागच्या वेळेसारखं 'मस्त' म्हणणार नाही, शप्पथ. सहासुद्धा वाजले नाहीत, बाईसाहेब. पळ, पुन्हा रांगेत लाग."

ती गाडीत बसली. रांगेकडे वळताना तिने आरशात बघितलं. डेल एका हाताने काठी टेकत, दुसऱ्या हाताने घडीची खुर्ची वीतभर वीतभर ढकलत पट्ट्याकडेच्या कुंपणाकडे निघाला होता. बर्नी मदतीला धावली तर त्याने तिलाही हाकललं.