मास्तरांच्या मातीवरची प्रार्थना

शिरूर कासारपासून सात-आठ किलोमीटरवर अकरा ख्रिस्ती घरांची एक वस्ती आहे, आणि या वस्तीत ईस्टर दोनदा होतो. पहिला कॅलेंडरातला. त्याला म्हातारीकोतारी, शाळेतली पोरं आणि बीडहून मोटारसायकलवर येणारे फादर, एवढीच माणसं असतात. बाकीची वस्ती ऊसतोडीला गेलेली. टोळ्या परत आल्या की त्यानंतरच्या रविवारी दुसरा ईस्टर. पुन्हा मोठी मेणबत्ती, पुन्हा फादरांची मिस्सा-उपासना, पुन्हा प्रभू उठल्याची वार्ता. मागे एका नव्या फादरांनी, हे नियमात बसत नाही, असं सांगून पाहिलं होतं. तेव्हा यकोब मास्तरांनी त्यांना अदबीनं विचारलं की फादर, उठलेला प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तिथं नव्हता, आठ दिवस उशिरा आला, त्याला प्रभू काय म्हणाला, पुढच्या वर्षी ये? फादर हसले आणि दुसऱ्या ईस्टरला लागणारं सामान बांधायला लागले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. फादर महिन्यातून एकदा यायचे. मधल्या रविवारची प्रार्थना, पोरांची धर्मशिकवणी, आजाऱ्याच्या उशाशी बसणं आणि कुणी गेलं तर मातीवरची प्रार्थना, हे सगळं यकोब मास्तर करायचे. सहा महिने ऊस तोडायचा आणि सहा महिने देवाचं काम करायचं. दोन्हींत कधी अंगचोरपणा केला नाही. वस्तीतली तीस-पस्तीस माणसं त्यांनी प्रार्थना म्हणून मातीआड पोचवली. स्वतः मात्र गेले ते परमुलखात.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात त्यांची बायको वनमाला घरी राहिली होती. लेकीचं, आरोहीचं, पहिलं बाळंतपण होतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. वस्तीच्या टोळीत अर्ध्याला जागा निघाली नाही, म्हणून मास्तर दुसऱ्या गावच्या टोळीबरोबर गेले. त्या टोळीत ख्रिस्ती माणूस तेवढा एकच. फेब्रुवारीत, कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका फडात, भर दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. वनमालाबाई तेव्हा बाळंतिणीला पोचवायला आरोहीच्या सासरी गेलेली; मुकादमाचा फोन वस्तीत आला, निरोप फिरत फिरत तिच्यापर्यंत तिसऱ्या दिवशी पोचला. तोवर माती होऊन गेली होती. ती टोळीही फड उरकून पुढच्या गावाला गेली होती. नंतर भेटलेल्या बायका एवढंच सांगायच्या, पुरलं वो बाई त्यांना, रीतीनं पुरलं. कुठली रीत, कुणाची रीत, ते कुणालाच सांगता येईना.

वनमालाबाई नाकावर माशी बसू न देणारी बाई. रडली, पण लोकांनी समजूत घालायला सुरुवात केली की तिचं डोकं फिरायचं. देवाची इच्छा, देवाचं गूढ, आपल्याला काय कळतंय, असं म्हणत लोक चहा पिऊन जायचे. तिचा प्रश्न गूढ वगैरे नव्हता. साधा होता. ज्यानं सगळ्यांच्या मातीवर प्रार्थना म्हटली, त्याच्या मातीवर कुणी म्हटली? फादरांनी सांगितलं की देवाला त्या शब्दांची गरज नसते.

"देवाला नसंल," ती म्हणाली. "मास्तरांना व्हती."

तरीही मास्तरांचं काम तिनंच उचललं. दुसरं कुणी वाचणारं नव्हतं आणि चर्च उघडायला तर हवं. ती रविवारी प्रार्थना घ्यायची, पोरांना शिकवायची, दोन मयतीही तिनं केल्या. फक्त दुसऱ्या ईस्टरचं शुभवर्तमान वाचायला ती उभी राहिली नाही. वस्तीची रीत अशी की ते मास्तरानं वाचायचं, कारण परतलेल्या माणसांना उठलेल्या प्रभूची खबर घरच्याच माणसाकडून मिळावी. पहिल्या वर्षी दुखवटाच होता, मागच्या वर्षी तिनं आजाराचं निमित्त काढलं. यंदा निमित्तही काढलं नाही. फादरांना फोनवर सरळ सांगितलं की वाचन तुमीच करा. जे मनात न्हाई ते माझ्या तोंडून नको. आणि मिस्सा झाली की चर्चची किल्ली तुमच्या हातात देते, दुसरा माणूस बघा. फादर म्हणाले, रविवारी बोलू. त्यांना माहीत होतं की ही बाई एकदा बोलली की बोलली.

हे सगळं शुक्रवारचं. शनिवारी सकाळी ती चर्च झाडत होती आणि झाडताना एकेका खांबाला आपण शेवटचं झाडतोय असं म्हणत होती. त्यात अंगणातला हापसा ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांपासून बंद. तीन अर्ज झाले होते. उद्या पाहुण्यारावळ्यांसकट दीडशे माणूस जमणार आणि पाणी अर्ध्या किलोमीटरवरून आणायचं, म्हणून तिचं डोकं आधीच तापलेलं. अकराच्या सुमाराला फाटकातून पस्तिशीतला एक माणूस आत आला. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीतून पान्याचं तोंड बाहेर आलेलं, बोटं ग्रीसनं काळी.

"आलात का एकदाचे?" वनमालाबाई म्हणाली. तो काहीतरी बोलायला गेला, पण तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. तीन अर्ज, दोन महिने, उद्याचा सण, सरकारचा पगार, सगळं तिनं एका दमात ऐकवलं आणि हापशाकडे बोट दाखवलं. त्या माणसानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा हापशाकडे. मग पिशवी खाली ठेवून तो कामाला लागला.

त्यानं वरचं झाकण उघडलं. आतली साखळी दांड्यापासून निसटली होती आणि बोल्ट झिजून गेला होता. पिशवीत हात घालून त्यानं एक बोल्ट काढला, तो बसेना, म्हणून पायरीच्या दगडावर कानशीनं घासत बसला. मध्ये एकदा म्हणाला, "मावशी, मी ज्या कामासाठी आलतो..." तर बाईनं, आधी हे काम करा, बाकीचं मग, असं सांगून त्याला गप्प केलं. दीड तास लागला. बारा-पंधरा हिसक्यांनंतर गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. त्यानं ओंजळ भरून तोंडावर मारली.

पाणी बघून बाई निवळली. झाडून-पुसून झालं होतं, भाकरी टोपल्यात होत्या. एवढ्या उन्हात माणसाला उपाशी कसं धाडायचं? घर चर्चच्या मागेच. तिनं त्याला ओसरीवर बसवलं, सही कुठं करायची ते विचारलं.

"सही न्हाई लागत," तो म्हणाला. "मी सरकारी न्हाई. माझं नाव जाकीर. चौसाळ्याला गॅरेज हाय, ट्रॅक्टरचं. मी यकोब मास्तरांचं घर हुडकीत आलो."

वनमालाबाई पिठलं वाढता वाढता थांबली. दर वर्षी ती पोरांना मरिया मग्दालियाची गोष्ट सांगायची, उठलेला प्रभू समोर उभा आणि बाईला वाटलं बागेचा माळी आहे. पोरं खिदळायची आणि तीही हसायची. या वेळी तिला ते आठवलंही नाही. दीड तास आपण या माणसाला राबवलं, याची लाज तेवढी वाटली.

जाकीरनं सांगितलं ते असं. हंगामात तो ट्रॅक्टरांबरोबर कारखान्यांवर जातो. त्या दिवशी त्या फडात एक ट्रॅक्टर बंद पडला होता आणि तो त्याच्याखाली आडवा झोपून काम करत होता. मास्तर त्याला पाणी द्यायला आले आणि तिथंच खाली बसले. जाकीरनंच त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्याकडे नेलं. वाटेतच गेले. टोळीची माणसं म्हणाली, इथंच जाळू. जाकीर म्हणाला, ख्रिश्चन माणूस हाय, त्याला माती लागते. मग त्यानं गावातल्या जाणत्यांच्या हातापाया पडून कबरस्तानाच्या भिंतीकडेला जागा मिळवली. खड्डा खणायला टोळीतले चौघं आले. एखादा फादर मिळतो का म्हणून त्यानं तालुक्याला माणूस पाठवला, तो रिकामा परत आला. सांज व्हायला आली होती.

"मला तुमची दुवा येत नव्हती," जाकीर म्हणाला. "आमची म्हणावी तर मास्तरांना चालंल का न्हाई, कुणाला विचारणार? त्यांच्या बंडीच्या खिशात पुस्तक व्हतं. मराठी मला वाचता येतं. लई पानं. कंची मयताची, मला काय माहीत. म्हणलं, जे पान सगळ्यात जास्त वापरलेलं दिसतंय तेच मोठ्या कामाचं असणार. तेच वाचलं. तीनदा वाचलं."

त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं. टोळी पांगली होती आणि पुस्तकावरच्या शिक्क्यात फक्त शिरूर वाचता येत होतं, त्यावरून वस्ती शोधायला दोन वर्षं गेली. यंदा तो त्या गावी पुन्हा जाऊनही आला. पण पावसात भिंत पडली होती, माती सपाट झाली होती, आणि मास्तर नेमके कुठं आहेत ते आता त्यालाही सांगता येत नव्हतं. याची माफी त्यानं मागितली. मग एक पान उघडून पुस्तक तिच्यापुढे धरलं.

"एवढंच विचारायला आलो, मावशी. बरोबर व्हती का?"

वनमालाबाईनं पाहिलं. कडा मऊ झालेलं, पिठाच्या आणि तेलाच्या बोटांनी पिवळं पडलेलं पान. मास्तर पाचटाच्या कोपीत, फडात, घरी, दोन्ही वेळा पुस्तक उघडून, भाकरीवर हात धरून म्हणायचे ती जेवणाआधीची प्रार्थना.

 दोन वर्षं तिनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि ते असं होतं. मयताची प्रार्थना चार पानं पुढं होती. तिथलं पान कोरं करकरीत, कारण ती मास्तर पुस्तक न उघडताच म्हणायचे. हो म्हणून टाकावं, असं तिला एकदा वाटलं. इतक्या लांबून आलेला माणूस, त्याचा जीव तरी थंड होईल. पण समोरचा माणूस खोटं ऐकायला दोन वर्षं फिरला नव्हता.

"ही जेवायच्या आधीची हाय," ती म्हणाली.

 जाकीरनं पुस्तक मिटलं आणि गुडघ्यावर ठेवलं.  मग हलकेच म्हणाला, म्हंजे चुकलंच.

  वनमालाबाईनं हातात होतं ते काम केलं. त्याच्या ताटलीत पिठलं वाढलं, कांदा ठेवला, वर भाकरी ठेवली. आणि म्हणाली, की जेवायचीच वेळ झाली हाय तर म्हणा आता, तुमीच म्हणा. तो नको म्हणाला. ती म्हणाली, एकदा चुकीच्या जागी म्हटलीत, एकदा बरोबर जागी म्हणा.

त्यानं पुस्तक उघडलं, डोक्यावर रुमाल घेतला आणि शाळेतल्यासारखं एकेक शब्द सुटा करून वाचलं.

"हे प्रभो, जे तुझ्या हातून आले ते आमच्या पानात आहे. ज्याच्या पानात नाही त्याचीही आठवण ठेव. आणि आम्हां सर्वांना एक दिवस तुझ्या पंगतीला बसव."

मग त्यानं भाकरी मोडली. पाहुण्यानं असं करायचं नसतं, पण त्याच्या ध्यानात आलं नसावं. मोडलेला मोठा तुकडा त्यानं तिच्या पुढ्यात ठेवला.

हजार वेळा ऐकलेले शब्द वनमालाबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. ओल्या मातीच्या कडेला सांज झालेली, चार अनोळखी गडी, आणि हा माणूस डोक्यावर रुमाल घेऊन देवाला सांगतोय की याला तुझ्या पंगतीला बसव. एकदा नव्हे, तीनदा. याहून मोठी प्रार्थना तिला तरी कुठं येत होती? तिला रडू फुटलं. मोठ्यानं, तोंडात घास तसाच. जाकीर घाबरून उठायला लागला, तर तिनं हातानंच त्याला बसवलं.

"चुकलं न्हाई," ती म्हणाली. "जेवा."

तो जेवला. मग तिनं हात धुवायला पाणी आणेपर्यंत पिशवी उचलून फाटकापाशी गेलासुद्धा. दोनची जीप हॉर्न देत होती. पुस्तक ओसरीवरच होतं. नंबर घ्यायचा राहिला हे तिच्या लक्षात आलं तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती.

रविवारी चर्च भरलं. फादर शुभवर्तमान वाचायला उठणार तोच वनमालाबाई पदर सावरून पुढं आली आणि उभी राहिली. अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांचं वाचन होतं. त्यांच्याबरोबर एक परका दिवसभर चालला आणि त्यानं भाकरी मोडेपर्यंत तो उठलेला प्रभूच आहे हे त्यांना ओळखू आलं नाही. ती भाकरीच्या ओळीपाशी जराशी अडखळली. बाकीचं खणखणीत वाचलं.

मिस्सा झाल्यावर बाया हापशावर पाणी भरत होत्या. फादर तिच्याजवळ आले. किल्लीचा विषय त्यांनी शहाणपणानं काढलाच नाही. नुसतं विचारलं, "मास्तरांच्या मातीवर कोण होतं, काही कळलं का?"

"कळलं," वनमालाबाई म्हणाली. "प्रभू सोता व्हता, फादर. त्याला आपली प्रार्थना येत नव्हती, म्हणून पुस्तकात बघून म्हणली."